सहा क्विंटलचा लॅपटॉप

गेल्या महिन्यात मामा आणि मामेबहिणीसोबत पाचोऱ्यात भडगाव रोडवरच्या एका दुकानात लॅपटॉप बघायला गेले होते. बहीण जळगावला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेत. दीड वर्ष तिनं कॉलेजची लॅब आणि रूममेटचा लॅपटॉप यावर काढलं. ‘यंदाचा कापूस विकला की घेऊ,’ असं मामांनी कबूल केलं होतं. कापूस विकला गेला. दुकानदारानं एक चकचकीत लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाला, ‘आय-फाइव्ह आहे, काका. एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद. पण हा आजचा रेट. पुढच्या आठवड्यात हाच राहील असं सांगत नाही.’

मामांनी तो उचलून बघितला. ‘इतले पैसे? सहा क्विंटल कापूस झाला की हा!’

मामांचा हिशेब चुकलेला नव्हता. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ४९,९९० रुपयांना सहा क्विंटलहून थोडा जास्तच कापूस लागतो. आणि हा झाला हमीभाव. सात हजारांनी खासगीत विकला असेल तर सात क्विंटलच्या वर. कोरडवाहू शेतात एका एकराचं सगळं पीकच म्हणा.

आता एक गोष्ट आठवून बघा. तोच कापूस विकताना समोरच्यानं काय काय तपासलं होतं? ओल किती, धागा किती लांब, कचरा किती, कवडी किती. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओल असेल तरच पूर्ण भाव, पुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी परत. आपला माल इतका पारखून घेतला जातो. आणि त्याच पैशांचा लॅपटॉप घेताना आपण काय बघतो? ‘आय-फाइव्ह आहे’. म्हणजे ‘कापूस आहे’ एवढंच ऐकून पैसे मोजण्यासारखं झालं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला मी स्वतः असाच लॅपटॉप घेतला. आठ जीबी रॅम, ‘पुढे वाढवता येईल’ असं दुकानात ऐकलेलं. दुसऱ्या वर्षाला व्हिडिओ एडिटिंग आलं, मशीन गुदमरायला लागलं, तेव्हा उघडून बघितल्यावर कळलं की रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे. वाढवायला जागाच नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या दारात पेनड्राइव्ह घेऊन उभं राहण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हा लेख.

भाव का चढतायत?

आधी दुकानदाराच्या त्या वाक्याकडे बघू. ‘आजचा रेट’ हे केळीच्या बाजारात ऐकायची आपल्याला सवय आहे. लॅपटॉपच्या दुकानात ते नवीन आहे. पण यावेळी ते निव्वळ गिऱ्हाईक गळाला लावायला म्हटलेलं नव्हतं.

लॅपटॉपमधली रॅम ही डीरॅम नावाच्या मेमरी चिपपासून बनते. जगातली बहुतांश डीरॅम तीनच कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. सध्या एआयसाठी जगभर प्रचंड डेटा सेंटर उभी राहतायत. त्यांना एचबीएम नावाची खास वेगवान मेमरी लागते. ती याच कंपन्या बनवतात, त्यात पैसा जास्त मिळतो, आणि तेवढ्याच जीबीसाठी तिला सिलिकॉनही कितीतरी जास्त लागतं. साहजिकच कारखान्यांचा ओढा तिकडे गेला आणि आपल्या साध्या रॅमचा तुटवडा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं ‘क्रुशल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. क्रुशलची रॅम हे लॅपटॉप अपग्रेड करणाऱ्या पोरांचं ठरलेलं नाव होतं. नवा चिप कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात, त्यामुळे हा प्रश्न दोन-चार महिन्यांत मिटेल असं धरून चालू नका.

त्यातच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉलरनं पहिल्यांदाच ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. आणि त्याआधी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणारे जुने लॅपटॉप बदलायला निघालेले लोकही याच बाजारात आलेत.

‘पण आता लॅपटॉप भारतात बनतात ना?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बनतात, म्हणजे जोडले जातात. केंद्र सरकारनं ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपच्या आयातीवर अचानक बंधनं जाहीर केली, बोंबाबोंब झाल्यावर ती लांबणीवर टाकली आणि मग परवानगी घेऊन आयात करायची पद्धत आणली. त्याच वर्षी देशात उत्पादन वाढावं म्हणून १७ हजार कोटींची पीएलआय योजना मंजूर झाली. तामिळनाडूत श्रीपेरंबुदूरला, पुदुच्चेरीला जोडणी होतेही. पण आतला प्रोसेसर, मेमरी, बहुतेक स्क्रीन बाहेरूनच येतात. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण त्याचं काम बाहेर तयार झालेल्या चिप तपासून पॅक करण्याचं. त्यामुळे खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं असलं तरी कोरियातल्या भावाचा चटका पाचोऱ्यात बसतोच.

गंमत बघा. गेल्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ होतं, म्हणून आपल्या कापसाला बाहेरच्या कापसाशी भिडावं लागलं. विकताना जगाचा भाव आपल्याला खाली ओढतो आणि घेताना तोच वर चढवतो. दोन्हीवर आपला ताबा नाही. मग ताबा कशावर आहे? पारख करण्यावर.

‘आय-फाइव्ह’ हे नाव नाही, आडनाव आहे

पाचोऱ्यात उतरून कुणाला विचारा, ‘पाटलांकडे जायचंय.’ समोरचा पहिला प्रश्न करेल, ‘कोणते पाटील?’ आय-फाइव्हचं तसंच आहे. गावभर आय-फाइव्ह आहेत. पूर्ण नाव विचारल्याशिवाय पत्ता लागत नाही.

उदाहरण घ्या. आय-फाइव्ह १२३५यू आणि आय-फाइव्ह १२४५०एच. सुरुवातीचे १२ म्हणजे बारावी पिढी. दोन्ही एकाच पिढीचे. पण शेवटचं अक्षर बघा. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, मूळ हिशेब १५ वॉटचा. त्यात २ मोठे कोअर आणि ८ छोटे. ‘एच’ म्हणजे जोर लावणारा, ४५ वॉटचा, त्यात ४ मोठे आणि ४ छोटे. कोअर मोजाल तर पहिल्यात दहा, दुसऱ्यात आठ. तरी जड कामाला दुसराच ताकदवान, कारण बैल किती यापेक्षा जू कोण ओढतंय हे महत्त्वाचं. उलट दिवसभर लेक्चर, नोट्स, ब्राउझर आणि बॅटरी टिकायला हवी, तर ‘यू’ बरा.

इंटेलनं डिसेंबर २०२३ पासून नावंही बदलली. आता ‘आय’ गळाला; ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ असं दिसतं. ‘अल्ट्रा’ नसलेलं प्रत्येक नवं नाव म्हणजे नवी रचना असं समजू नका. ‘कोअर ५ १२०यू’ हा तेराव्या पिढीच्या घराण्यातलाच, कपडे नवे घातलेला. वाईट नाही, पण नव्याचे जादा पैसे देऊ नका. आणि स्वस्तात दिसणारे ‘एन१००’, ‘एन२००’ हे चार छोट्या कोअरचे. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, यूट्यूब यांना ठीक, इंजिनीअरिंगला नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये खोच वेगळीच. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. नावात फरक दहाचा. पण ७००० च्या मालिकेत पहिला आकडा बाजारात आल्याचं वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना. ७५२० मधला २ म्हणजे ‘झेन २’, २०१९ ची रचना, ४ कोअर. ७५३० मधला ३ म्हणजे ‘झेन ३’, २०२० ची, ६ कोअर. दोन्हींवर स्टिकर एकच : ‘रायझन ५’. ओल तपासायची ती इथे.

स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉपही २०२४ पासून आलेत. बॅटरी छान टिकते, पण त्यांची घडण मोबाइलच्या प्रोसेसरसारखी आहे, त्यामुळे काही जुनी सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर अडतात. मॅकबुक घेणाऱ्या कॉमर्स आणि मेकॅनिकलवाल्यांनीही थांबून विचार करा : टॅलीप्राइम आणि सॉलिडवर्क्स ही विंडोजवर चालणारी आहेत. कॉलेजमध्ये काय शिकवणार, ते आधी सरांना विचारा आणि मग दुकानात जा.

दुकानातच तीन बटणं दाबा

हे सगळं पाठ करायची गरज नाही. डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. ‘सीपीयू’वर क्लिक केलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. ‘मेमरी’वर क्लिक केलं की रॅम किती, किती स्लॉट आहेत आणि त्यातले किती भरलेत, हे दिसतं. तिथे ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर समजा, रॅम बोर्डावर पक्की आहे.

आतापर्यंत आपल्याकडचा ठरलेला जुगाड होता : आठ जीबीचा घ्या, पुढच्या वर्षी जळगावला गोलाणी मार्केटमधून आठ जीबी आणून टाका. रॅमच स्वस्त होती तेव्हा हा जुगाड भारी होता. आता सुटी रॅमच महागली आहे, त्यामुळे हिशेब नव्यानं करा. आठ आणि सोळा जीबीच्या मॉडेलमधला फरक किती आणि सुटी आठ जीबी आज कितीला, दोन्ही विचारा. मग ठरवा. रॅम पक्की बसवलेली असेल तर प्रश्नच मिटला. कोडिंग, डिझाइन, एडिटिंग करणाऱ्यांनी सोळाच घ्यावी. स्टोरेज मात्र एसएसडीच हवं, ५१२ जीबी असेल तर उत्तम.

सेकंडहँड बघताय? चांगला पर्याय आहे, पण सावध राहा. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझनची २००० ची मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसातून निघालेले लॅपटॉप आता स्वस्तात मिळतायत, ते याचमुळे. विंडोज १० ला वर्षभराची जादा सुरक्षा-मुदत आहे, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. शिवाय विंडोजमधून बॅटरीचा रिपोर्ट निघतो. नवी असताना क्षमता किती होती आणि आता किती उरली, ते त्यात लिहिलेलं असतं. तो तुमच्यासमोर काढायला लावा.

आपला उन्हाळा आणि आपला पिनकोड

यूट्यूबवरचे रिव्ह्यू करणारे एसीत बसलेले असतात. आपण मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात बसलेले असतो, जिथे पारा ४४-४५ ला जातो. बऱ्याच कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं सांगतात. ॲपलच्या माहितीपत्रकातही हाच आकडा आहे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे दुकानात वाघ वाटलेला ‘एच’ प्रोसेसर पत्र्याच्या खोलीत दुपारी मांजर होतो. गेमिंग लॅपटॉप घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण हवा खेळती राहील अशी जागा, टेबल आणि वर्षातून एकदा फॅनची धूळ साफ करणं हाही खर्च धरा. गादीवर, उशीवर ठेवून तर कुठलाच लॅपटॉप चालवू नका.

बॅटरी ‘दहा तास’ असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका, वॉट-अवर विचारा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि काम करताना लॅपटॉप सरासरी १० वॉट खात असेल, तर झाले चार तास. लाइट जाते त्या गावात हा आकडा स्क्रीनच्या झगमगाटापेक्षा मोठा आहे.

आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न : सर्व्हिस. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे की आपण लॅपटॉप घेऊन जायचा? ऑनसाइट असेल तर ४२४२०१ या पिनकोडला माणूस येतो का? पाचोऱ्याहून जळगाव जवळपास पन्नास किलोमीटर. एक फेरी म्हणजे एक दिवस, एक बुडालेलं लेक्चर. ऑनलाइन दोन हजार वाचले आणि सर्व्हिससाठी चार फेऱ्या झाल्या, तर वाचलं काय?

कोणाला काय लागतं?

बीए, बीकॉम, डीएड : मध्यम प्रोसेसर, आठ जीबी, पण पुढे रॅम वाढवायला जागा हवी. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग : सहा कोअरच्या पुढचा प्रोसेसर, सोळा जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड बहुतेकांना लागत नाही. मेकॅनिकल, सिव्हिल : ‘एच’ प्रोसेसर, सोळा जीबी, जमलं तर ग्राफिक्स कार्ड. आमच्यासारखे मीडियावाले : सोळा जीबी आणि रंग नीट दाखवणारी आयपीएस स्क्रीन. नीट, जेईई, एमपीएससीची तयारी : खरं सांगू? बऱ्याचदा लॅपटॉप लागतच नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी विद्यार्थ्यांना नीट-जेईईच्या तयारीसाठी ‘महाज्योती’नं टॅब दिलेत, ती योजना आधी बघा.

वहीवर शून्य, लॅपटॉपवर अठरा

आता थोडं सरकारबद्दल. गेल्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. वही, पेन्सिल, खोडरबर शून्य टक्क्यांवर आलं. छापील पुस्तकावर आधीपासूनच कर नाही. लॅपटॉप मात्र होता तिथेच, १८ टक्क्यांवर. ४९,९९० च्या लॅपटॉपमध्ये साधारण ७,६०० रुपये कराचे आहेत. म्हणजे मामांच्या सहा क्विंटलमधला जवळपास एक क्विंटल.

राज्य सरकारनं जुलै २०२४ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठी गोष्ट आहे ती. माझी बहीण इंजिनीअरिंगला गेली त्यात या निर्णयाचा हात आहे. पण असाइनमेंट लॅपटॉपवर, सबमिशन लॅपटॉपवर, प्लेसमेंटची टेस्ट लॅपटॉपवर. मग लॅपटॉप हा शिक्षणाचा खर्च नाही तर कशाचा? तामिळनाडूनं २०११ मध्येच विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे तेवढं नाही जमलं तरी विद्यार्थ्याच्या एका लॅपटॉपवरचा कर कमी करायला काय हरकत आहे, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

तोपर्यंत एक उपयोगाची माहिती : बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला लागणारा कॉम्प्युटर हा खर्च धरलेला आहे. कर्ज काढताय तर अर्जातच तो लिहा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना रोखीचा भाव आणि ईएमआयचा भाव, दोन्ही कागदावर लिहून मागा. फरक दिसला तर व्याज कुठे लपलंय ते कळेल.

मग त्या लॅपटॉपचं काय झालं?

दुकानात बहिणीनं ती तीन बटणं दाबली. प्रोसेसर ठीक होता. मेमरीत बघितलं : आठ जीबी, ‘रो ऑफ चिप्स’. माझ्या पहिल्या वर्षाची पुनरावृत्ती. आम्ही ‘येतो पुन्हा’ म्हणून बाहेर पडलो. दुकानदाराला ते फारसं आवडलं नाही, पण मॉडेलचा पूर्ण नंबर त्यानं कार्डामागे लिहून दिला.

चार दिवसांनी दुसऱ्या एका दुकानात सोळा जीबीचा मिळाला, ५४,९९० ला. पाच हजार जास्त. सहाचे पावणेसात क्विंटल झाले. मी मनातल्या मनात ‘मामा आता नाही म्हणणार’ असं धरून बसले होते. मामांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही, दुकानदाराला विचारलं, ‘भाऊ, ह्याची रॅम सुटी आहे का चिकटवलेली? अन् बिघडला तर माणूस पाचोऱ्यात येतो का आम्ही जळगावले यायचं?’

दुकानदार हसला आणि त्यानं लगेच कंपनीला फोन लावला. एक स्लॉट मोकळा निघाला, माणूसही येतो म्हणाले. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला, कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख बघितली आणि मगच मामांनी पैसे मोजले.

तुम्हीही घेणार असाल तर जाण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा : प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि सुटी की पक्की, बॅटरीचे वॉट-अवर, सर्व्हिस कुठे, रोखीचा भाव. पाचही उत्तरं मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवा. आपला कापूस घेणारा तरी कुठे ओल बघितल्याशिवाय पैसे देतो?